खालून वर

१७ नोव्हेंबर, बोरिवली
शाळेच्या सभागृहात एकसरच्या वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांच्या, छायाचित्रांचं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. पाट्या लिहायचं काम माझ्याकडे. रात्री बसून पहिल्या पाटीचा मसुदा केला: शिलाहार, यादव, शैव परंपरा. भरले दोनशे शब्द. सगळी माहिती बरोबर, पण वाचून दगडाकडे पाहावंसं वाटेल असं वाक्य एकही नाही.

१९ नोव्हेंबर
सहावीतल्या मुलींकडून मसुदा मोठ्याने वाचून घेतला. एकीने विचारलं, "बाई, यात जहाजं कुठे आहेत?" जहाजं तिच्या समोरच होती, फोटोच्या तळाशी. मी लिहिलं होतं, 'नौयुद्धाचे शिल्पांकन'. हे शब्द खोडले. वीरगळ तळापासून माथ्याकडे वाचायचा असतो, आणि नेमकं तेच सांगायचं राहून गेलं होतं.

नवा मसुदा:
'खालून वर पाहत जा. तळाला जहाजं. त्यांच्या डोलकाठ्या आणि वल्ह्यांची रांग शोधा. इथे वीर लढतो आणि पडतो. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. आणखी वर तो शिवाची पूजा करतो. माथ्यावर कलश.'

काळ शेवटी, लहान अक्षरांत. काही अभ्यासक ही लढाई शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची, १२६५च्या सुमाराची मानतात. काही तिला अकराव्या शतकात नेतात. दोन्ही मतं लिहिली. मुलांपासून मतभेद लपवायचं कारण नाही.

२३ नोव्हेंबर
कान्हेरीला जाऊन आले. पाण्याच्या टाक्यांजवळ ब्राह्मी दानलेख आहेत. टाक्याला त्यांत 'पोढी' म्हटलंय. कोणी दिलं, कुठला राहणारा, काय दिलं; कल्याण, सोपारा अशी आपली गावं त्यांत येतात. मोजके शब्द, आणि तेही वस्तूच्या अगदी शेजारी कोरलेले. आपल्या उपनगरातली ही सर्वांत जुनी पाटी, असंच मी मानते.

२८ नोव्हेंबर
छपाई. पूर्वी एका संग्रहालयात गुडघ्याएवढ्या उंचीवरची, चकाकत्या अ‍ॅक्रिलिकची पाटी वाकून वाचताना माझी पाठ मूर्तीकडे झाली होती, ते अजून सलतं. म्हणून कागद मॅट, अक्षरं काळी, पाटी मुलांच्या नजरेच्या उंचीला. छापखान्यातल्या मुलाने इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या होत्या. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत होते. देवनागरीला डोक्यावर आणि पायाखाली दोन्हीकडे जागा लागते. अंतर वाढवून घेतलं, त्यासाठी दोन वाक्यं कापली. ती गेल्याचं वाईट वाटलं नाही.

३ डिसेंबर
आज एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातवाने पाटी वाचली आणि खाली बसून वल्ही मोजायला लागला. आजोबाही त्याच्याबरोबर बसले.

दाराशी एक शेवटची पाटी लावली आहे: 'मूळ शिळा एकसरमध्ये आहेत. मेट्रोचं स्थानकही त्याच नावाचं. जाऊन पाहा, खालून वर.'