बहिणीची सही

तेराव्याचं जेवण उरकतं, पाहुणे पांगतात आणि एखादे काका किंवा थोरले जावई विषय काढतात, "आता वारसनोंदीचं बघायला हवं." कागद बहुधा तयारच असतो. हक्कसोडपत्र. भावांच्या नावे बहिणींनी फक्त सही करायची.

वाटणीचे तंटे भावाभावांत होतात, अशी आपली समजूत आहे. ती खोटी नाही. भाऊ भांडतात तेव्हा गल्लीला ऐकू जातं, कोर्टात तारखा पडतात, सामाईक जिन्यात भिंत उभी राहते. बहिणीचा वाटा मात्र चहाबरोबर, कुणाला ऐकू न येता निघून जातो.

कायद्यानंही पूर्वी याला हातभार लावला होता. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या स्वकष्टाच्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं दिला. पण तेविसाव्या कलमात मेख होती. भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. तिथं राहण्याचा हक्क होता, तोही ती अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली वा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तरच. हे कलम जायला 2005 साल उजाडलं. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मानं हक्क दिला तो 1994 मध्ये, मात्र 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच आईच्या दोन लेकींत धाकटीला हक्क, थोरली कोरडी! पुढे केंद्राच्या दुरुस्तीत ती अट उरली नाही. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं.

एवढं होऊनही ती सही करतेच.

कारण उद्या मुलीच्या लग्नात तिला बोहल्यावर आणायला मामा लागतो. दिवाळीला जायला घर लागतं. "तुझ्या लग्नात झालाच की खर्च," हे वाक्यही तिला पाठ असतं. भावाची इंजिनिअरिंगची फी आणि त्याच्या फ्लॅटसाठी वडिलांनी मोडलेली ठेव या हिशेबात कधी येत नाही. शेवटची काही वर्षं आईचं पथ्यपाणी, मोतीबिंदू, रात्रीची जागरणं दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या लेकीनंच केलेली असतात, त्यांचीही नोंद कुठं नसते. (हे सगळं सुनेनं केलेलं असेल तर तिचं आणखीच अवघड. नवरा हयात असेल तर वारसांच्या यादीत तिचं नावच नसतं.)

मृत्युपत्राला साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीचीही सक्ती नाही. तरी विषय काढला की वडील म्हणतात, "इतकी घाई झाली का तुम्हाला?" जिवंतपणी देऊन टाकायचं, तर 1970 साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर आठवतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यात यावर थोडा उपाय आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि सांभाळ झाला नाही, तर ते रद्द होऊ शकतं. ही अट कागदात लिहून घेतलेली बरी, कारण तिच्यावाचून प्रकरण अडतं, हे 2022च्या एका निकालात दिसलं. पण पोटच्या मुलासमोर ती अट लिहा म्हणायला बापाची जीभ रेटत नाही.

काही घरांत मग भलताच तोडगा निघतो. वडील असतानाच बहिणीकडून हक्क सोडल्याचं लिहून घेतात. स्वकष्टाच्या घरावर मुलांचा हक्क वडिलांच्या पश्चात येतो. न मिळालेला हक्क सोडणार कसा? त्यामुळे कोर्टात अशा कागदाचा सहसा टिकाव लागत नाही. तरी नोटरीचा शिक्का बसतो, सगळे निश्चिंत होतात. पुढे वडील जातात, सोसायटी पुनर्विकासाला निघते, विकसकाचा वकील सगळ्या वारसांच्या सह्या मागतो. बहिणीला पुन्हा फोन जातो. या वेळी फोन तिचा मुलगा घेतो आणि विचारतो, "मामा, नवा फ्लॅट किती स्क्वेअर फुटांचा आहे?"