कन्व्हेयन्स म्हणजे सोय नव्हे

डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या सोसायटीची मी सचिव झाले, तेव्हा आधीच्या सचिवकाकांनी चाव्यांच्या जुडग्याबरोबर जुन्या इतिवृत्त वह्या माझ्या हवाली केल्या. जवळजवळ प्रत्येक वार्षिक सभेच्या शेवटी एकच ओळ होती : ‘बिल्डरकडून कन्व्हिनियन्स करून घेणेबाबत चर्चा झाली. विषय पुढील सभेत घ्यावा.’ दर काही वर्षांनी अक्षर बदललेलं, ओळ मात्र तीच.

मी काकांना विचारलं, “कन्व्हिनियन्स म्हणजे नक्की काय हो?”

“अगं, जमिनीचे कागद. बिल्डरच्या सोयीने होतात ते. त्याला सवड झाली की करून देईल.”

आम्ही सोळाही बिऱ्हाडं इतकी वर्षं हेच धरून चाललो होतो. मूळ शब्द होता ‘कन्व्हेयन्स’. त्याचा अर्थ हस्तांतरण. सरकारी मराठीत अभिहस्तांतरण. फ्लॅटच्या करारनाम्याने घर आपलं होतं, पण खालची जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होते ती या दस्ताने. आणि तो करून देणं ही बिल्डरची मेहेरबानी नाही. 1963 च्या मोफा कायद्याचं कलम 11 त्याला तसं बांधून घेतं. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांच्या आत.

हे सगळं कळायला जिन्याचा स्लॅब पडावा लागला. पुनर्विकासाचा विषय निघाला आणि वास्तुविशारदाने पहिलाच प्रश्न केला, “जमीन कोणाच्या नावावर आहे?” आम्ही सातबारा काढला. मूळ शेतकऱ्याचं नाव कंसात, त्याखाली वारसांची नावं एकाखाली एक. ज्या जमिनीवर आमची मुलं लहानाची मोठी झाली, तिच्या उताऱ्यावर आमचा कुठे उल्लेखही नव्हता. तो कागद हातात धरून मी किती तरी वेळ तशीच बसून होते.

बिल्डरला पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. मग वकिलांनी मानीव अभिहस्तांतरणाची वाट दाखवली. 2008 मध्ये मोफा कायद्यात ही दुरुस्ती झाली. बिल्डर कागद करून देत नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना 7 मध्ये अर्ज करायचा. अर्जावर 2,000 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. सुनावणी घेऊन सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा सांगतो.

खरी मेहनत कागद जमवण्याची. प्रत्येकाचा करारनामा, सूची क्रमांक 2, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी. दोन घरांचे करारनामे सापडेनात. तळमजल्यावरच्या काकूंनी मात्र कपाटातून साडीच्या खोक्यात ठेवलेला करारनामा काढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, घड्यांवर विरलेला. “ह्यांनी सांगून ठेवलं होतं, घराला आग लागली तर आधी हे खोकं उचल,” त्या म्हणाल्या. करार इंग्रजीत होता. काकूंना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पानावरची आपली सही त्यांनी बोट ठेवून दाखवली.

सुनावणीसाठी ठाण्याला, गावदेवी मैदानाजवळ जायचं. सकाळची गर्दीची लोकल, फाइल छातीशी धरलेली. बिल्डर एकदाही आला नाही. वारसांपैकी एक वयस्क गृहस्थ मात्र आले. मला धास्ती होती. ते शांतपणे म्हणाले, “ताई, वडिलांनी जमीन दिली तेव्हाच आमचं मन तिच्यातून निघालं. नाव काढायला आम्हाला कुणी बोलावलंच नाही.”

आदेश आमच्या बाजूने झाला. पुढे मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. सभासदांनी घर घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क इथे विचारात घेतात, म्हणून जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात. शेवटी फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव चढलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला सलत राहिली. आमच्यातले बहुतेक जण कोकणातून, घाटावरून आलेले. गावाकडे गुंठाभर जमीन घेतली तरी खरेदीखत होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत आपल्याला झोप लागत नाही. मग इथे, आयुष्याची पुंजी ओतून घर घेताना, आम्ही इतके निर्धास्त कसे राहिलो? सोसायटीच्या पहिल्या सभेत कुणी ‘जमिनीचं खरेदीखत झालं का?’ असं विचारलं असतं, तर विषय पुढच्या सभेवर गेलाच नसता. शब्द परका होता, ऐकताना तो सोयीचा वाटला, आणि सोय म्हटली की थांबायला हरकत नसते.

परवाच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मी लिहिलं. कन्व्हेयन्स हा शब्द टाळून लिहिलं, ‘इमारतीखालील जमीन संस्थेच्या नावे झाली.’ काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सूचक म्हणून सही करायला पेन मागितलं.