दोन खराब, एक चांगली!

हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही! भेटेल त्याला ऐकवत सुटले आहे, आता तुम्हीही ऐकाच.

गुंतलेल्या फोटॉनांची जोडी करायची, एक इथे ठेवायचा, दुसरा दूर धाडायचा, इथवर ठाऊक होतं. 2022चं भौतिकशास्त्राचं नोबेल अशाच जोड्यांवरच्या प्रयोगांना मिळालं. पण धाडायचा कसा? उत्तम काचतंतूतूनही शंभर किलोमीटरवर शंभरातला जेमतेम एक फोटॉन पोचतो. हजार किलोमीटरवर? एकावर वीस शून्यं, तेवढ्यांतला एक! वाटेत ॲम्प्लिफायर बसवावा, तर अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल निघतच नाही. वूटर्स आणि झुरेक यांनी 1982 सालीच ते सिद्ध केलं. शिवाय जे पोचतात तेही वाटेत बिघडलेले. म्हणजे संपलंच की सगळं!

नाही संपलं. 1996 साली चार्ल्स बेनेट आणि पाच सहकाऱ्यांनी काय दाखवलं बघा. दोन बिघडलेल्या जोड्या घ्यायच्या. दोन्ही टोकांच्या माणसांनी आपापल्याकडच्या दोन कणांवर एक ठरलेली क्रिया करायची आणि दुसऱ्या जोडीतला आपला कण मोजायचा. ती जोडी गेली, कायमची. मग साधा फोन: तुझं उत्तर काय आलं? जुळलं तर पहिली जोडी ठेवायची, नाहीतर तीही टाकायची. आणि जी राहते ती आधीपेक्षा शुद्ध! मी स्वतः आकडे घालून पाहिले. 75 टक्के शुद्धतेच्या दोन जोड्यांतून जवळपास 79 टक्क्यांची एक निघते. मग तशा दोन घेऊन पुन्हा तेच. सुरुवातीची शुद्धता निम्म्याहून जास्त हवी, बस्स. वाचवायच्या जोडीला कुणी मोजलंसुद्धा नाही, आणि ती सुधारली! त्या सहा जणांत वूटर्सही आहेत, नक्कल अशक्य म्हणणारे तेच. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढे 1998 साली ब्रीगल, ड्यूर, सिरॅक आणि झोलर यांनी क्वांटम रिपीटरचा आराखडा मांडला. छोट्या टप्प्यांवरच्या जोड्या शुद्ध करायच्या, मधल्या ठाण्यांवर सांधायच्या. टोकांचे कण, कधीही न भेटलेले, एकमेकांत गुंततात! 2017 साली डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी हिऱ्यांचे दोन तुकडे वापरून हे शुद्धीकरण प्रयोगशाळेत करूनही दाखवलं. अंतर फक्त दोन मीटर, पण झालं!

बेनेट मंडळींचा तो निबंध अवघा चार पानांचा आहे आणि आर्काइव्हवर फुकट मिळतो. आजच उतरवून घ्या, कागद-पेन्सिल घेऊन बसा.