विसाव्याचा वाटा

रविवारच्या पहिल्या मिस्सेत आमचे प्रवचन सुरू झाले की तिसऱ्या बाकावरचा एक तरुण हटकून डुलकी घेत असे. आम्हांला त्याचा राग येई. एकदा त्याला थांबवून विचारले, तेव्हा हकिगत कळली. सकाळी साडेसातला घर सोडायचे, विरार लोकलच्या गर्दीतून अंधेरीची कचेरी गाठायची, संध्याकाळी साडेसातला परतायचे आणि त्यानंतर सी. ए.च्या अखेरच्या परीक्षेचा अभ्यास.

आम्ही त्याला संत जॉन पॉल दुसरे यांचा दाखला दिला. दुसऱ्या महायुद्धात तरुण कारोल वोयतिला प्रथम दगडाच्या खाणीत आणि मग रसायनाच्या कारखान्यात राबत होते. 1942 पासून क्राकोवच्या गुप्त सेमिनरीत त्यांचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा रात्रपाळीत बॉयलरजवळ बसून ते तत्त्वज्ञानाचे पुस्तक वाचीत. "बाळा, झोप कमी कर," आम्ही म्हणालो, "आज कष्ट, उद्या फळ."

त्याने आमचे ऐकले. रात्री एकपर्यंत वाचन, पहाटे चारला पुन्हा दिवा. परीक्षा चालू असताना एका सकाळी वसई रोडच्या फलाटावर त्याला भोवळ आली. कपाळाला टाके पडले, त्या दिवसाचा पेपर बुडाला आणि सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "फादर, आता तुम्हीच त्याला झोपायला सांगा. तो तुमचंच ऐकतो." त्या माउलीच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते शब्द आमच्या जिव्हारी लागले.

त्या रात्री आम्हांला उमगले की आम्ही अर्धाच दाखला दिला होता. तेच वोयतिला पुढे धर्मगुरू झाल्यावर तरुणांना घेऊन डोंगर चढत, नद्यांतून होडी वल्हवीत, बर्फावर स्की करीत. पोप झाल्यावर त्यांनी कास्तेल गान्दोल्फो येथे पोहण्याचा तलावही बांधून घेतला. कष्टाची गोष्ट आम्हांला तोंडपाठ होती. विसाव्याची आम्ही गाळली होती.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिला. आळस हा आत्म्याचा शत्रू, असे ते बजावतात; परंतु त्याच प्रकरणात श्रमाला वेगळे तास, वाचनाला वेगळे तास आणि उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर अंथरुणावर पडण्याची मुभाही आहे. हिवाळ्यात अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक झोप व्हावी, अशी तजवीज त्यांनी केली. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा परमेश्वराच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. चाळीस दिवसांची वाट त्यानंतर चालायची होती.

पुढल्या रविवारी आम्ही त्या तरुणाला धर्मगुरुनिवासात बोलावले. जुन्या परिपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघांनी त्याचा दिवस मांडला, आणि या वेळी झोप आधी लिहिली: रात्री दहा ते पहाटे पाच. पाच ते सात अभ्यास. डोके ताजे असतानाचे हे दोन तास रात्रीच्या पेंगुळलेल्या चार तासांना भारी. व्यायामासाठी वेगळा वेळ निघेना. तेव्हा स्थानकापर्यंतची रिक्षा बंद आणि जाता-येता पायी चालणे सुरू. संध्याकाळी जेवण आणि घरच्यांबरोबर रोझरी. रविवारी मिस्सेनंतर चार तास अभ्यास आणि दुपारपासून पुस्तक मिटलेले. आठवड्याचे सोळा तास भरले. "एवढे पुरतील, फादर?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "बघू या. पण फलाटावर पडून एकही तास पुरत नाही."

परीक्षा पुन्हा जवळ आली आहे. निकाल काय लागेल तो लागो. गेल्या रविवारी प्रवचन देताना आमची नजर तिसऱ्या बाकाकडे गेली. तो टक्क जागा होता. शेजारी त्याचे वडील मात्र डुलकी घेत होते. या खेपेस आम्हांला राग आला नाही. त्यांच्या दिवसाचा हिशेब कधी तरी विचारायला हवा, एवढेच मनात आले.