केंटमधील हेझलनटच्या बागा

इंग्लंडच्या केंट परगण्यात प्लॅक्सटॉल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील हेझलनटच्या बागा आम्ही ऑगस्टअखेर पाहिल्या. बदामासारखेच हे कठीण कवचाचे फळ. इंग्रजीत त्यास ‘फिल्बर्ट’ असेही म्हणतात. सातव्या शतकातील मठाधिपती संत फिलिबर्ट ह्यांच्या सणाच्या, म्हणजे २० ऑगस्टच्या सुमारास ते भरते, म्हणून हे नाव पडले असे मानतात.

हे झाड मूळचे झुडूप. मोकळे सोडल्यास बुंध्याशी फुटव्यांचे रान माजते व फळ घटते. म्हणून बागवान फुटवे काढून टाकतो, मधला भाग मोकळा ठेवून झाडास पेल्याचा आकार देतो आणि हात पोहोचेल इतकीच उंची राखतो. ऑगस्टात लांब कोंब हातानेच अर्धवट मोडून तसेच लोंबते ठेवतात. त्यायोगे वाढीचा जोर आवरतो. छाटणी हिवाळ्यात. त्याच थंडीत नरफुलांचे तुरे लोंबू लागतात आणि इवल्या तांबड्या मादीफुलांपर्यंत वारा पराग नेतो. मात्र झाडास स्वतःचा पराग चालत नाही. जवळपास दुसऱ्या जातीचे झाड असावेच लागते.

१९१३ साली अशा बागा सुमारे ७,००० एकर होत्या. १९९० पर्यंत जेमतेम २५० एकर उरल्या. इतके हातकाम परवडेनासे झाले. तरीही काहींनी रान माजलेल्या जुन्या बागा साफ केल्या, आणि शंभरी गाठलेली खोडे पुन्हा फळू लागली. वाचकहो, परसातील जुन्या आंब्यावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी त्याची एकदा नीट छाटणी करून पाहावी.