विमानाने माहेर जवळ आले?

सौ.चे माहेर औराद. बीदर जिल्ह्यातला हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता; तिच्या घरात आजही मराठीच. सासूबाईंनी अंथरूण धरल्यापासून आमच्या विमानवाऱ्या वाढल्या. गोव्याहून हैदराबादला जेमतेम सव्वा तास, पण पुढे बीदरमार्गे औराद गाठायला रस्त्याने चार-पाच तास.

७ फेब्रुवारी २०२० रोजी बीदरहून बंगळूरला विमान सुरू झाले, तेव्हा सौ. हरखली होती. ती सेवा बंद पडली, २०२२ मध्ये पुन्हा आली, २०२३ च्या अखेरीस थांबली, २०२५ मध्ये परत सुरू झाली. आम्ही आपली हैदराबादचीच वाट धरतो.

दोघांचे भाडे पगाराला भगदाड पाडते. शेजारची जागा हवी तर जादा पैसे, म्हणून बहुधा ती पुढे, मी मागे. पण खरा तोटा वेगळाच. पूर्वी रेल्वेने जायचो तेव्हा आठवडाभर राहायचो. आता शनिवारी जाऊन रविवारी परत. आईला चार घास भरवून होतात न होतात तोच सौ. घड्याळाकडे बघते.

म्हणून यावेळी परतीचे तिकीट मी एकच काढले आहे. तिचे सावकाश काढू.