कागदावरची चूल

चैत्र लागला की आमच्या पार्से गावच्या वाऱ्याला काजूच्या बोंडूंचा वास येऊ लागतो. डोंगरउतारावरच्या भट्ट्या पेटतात, कोळंबीत बोंडू तुडवले जातात आणि हुर्राक, फेणी गाळण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. या उद्योगाचे कौतुक सारेच करतात. रस काढून उरलेल्या चोथ्याचे मात्र कोणी नाव घेत नाही. तो बांधाकडेला कुजतो आणि पहिल्या पावसात ओहळाला मिळतो.

निवृत्तीनंतर आम्हांला त्या चोथ्याची आठवण झाली, ती घरामागच्या गोबरगॅसच्या टाकीमुळे. गोठ्यात दोनच गुरे उरल्याने शेण पुरेना. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिष्टमय व शर्करायुक्त टाकाऊ पदार्थांवर चालणारे छोटे संयंत्र सिद्ध केले आणि त्या कामाला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला, हे आम्ही वाचले होते. बोंडूच्या चोथ्यात साखर असतेच. मग काय, भट्टीवरून पाट्याच्या पाट्या आणून आम्ही टाकीत लोटल्या. दोन-तीन दिवस गॅस भरपूर आला. आठवड्याभरात शेगडी विझली आणि टाकीला आंबट दर्प सुटला.

“अहो, भुकेपेक्षा जास्त वाढलंत तर कोणाचंही पोट बिघडणारच,” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. पुस्तके चाळली तेव्हा शास्त्रही तेच सांगत होते. टाकीत सूक्ष्मजीवांच्या अनेक पंगती एकामागून एक बसतात. पहिल्या पंगतीतले जीवाणू अन्न फोडून त्याची आम्ले करतात. शेवटचे त्यांतून मिथेन घडवतात. हे शेवटचे तर जीवाणूही नव्हेत. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचे कूळच निराळे असल्याचे दाखवले. पहिले काही तासांत दुप्पट होतात, दुसऱ्यांना काही दिवस लागतात. साखर एकदम ओतली की आम्ल साचते, मिथेनकर्ते गुदमरतात आणि उरतो तो बहुतांश न जळणारा कर्बवायू. भूमध्य सागराकाठी ऑलिव्हचे तेल गाळल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्याची हीच रड आहे. त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्ये या जीवांना मारक ठरतात. बोंडूचा तुरटपणाही त्याच जातकुळीचा. तेथेही उपाय म्हणजे पाणी पातळ करणे, शेणासारखे काही मिसळणे आणि थोडेथोडे घालणे.

हे वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय बायोगॅस योजना सुरू होती. नोकरीच्या आरंभी एका कार्यालयात तिची नोंदवही आमच्या हाती होती. मार्चअखेर उद्दिष्ट गाठायचे, टाकी बांधून झाली की ‘पूर्ण’ असा शेरा मारायचा. एकदा एक वृद्ध बाई उन्हातून चालत आली. टाकी आहे, पण जाळ येत नाही, अशी तिची तक्रार. आम्ही वही उघडून तिला शेरा दाखवला आणि तुमचे काम पूर्ण झाले आहे, असे बजावले. ती क्षणभर पाहत राहिली. “साहेबा, कागदार चूल पेटता काय?” एवढे विचारून ती निघून गेली.

तिची टाकी कदाचित आमच्यासारखीच आंबली असेल. ती पाहायला कोणी गेले असते, तर चार बादल्या ताजा शेणकाला आणि थोडा धीर एवढ्यावरही काम भागले असते. आम्ही गेलो नाही. पुढे बढत्या मिळाल्या, तो शेरा मात्र कधी खोडला गेला नाही.

आम्ही तीन आठवडे चोथा बंद ठेवला. शेजारच्या चालत्या टाकीतली मळी आणून ओतली आणि वाट पाहिली. एका सकाळी शेगडीवर निळी ज्योत धरली. आता आम्ही रोज शेणात कालवून मूठभरच चोथा घालतो. शेजारी कोणाची टाकी बंद पडल्याचे कानी आले, तर वही न नेता बादली घेऊन जातो. त्या बाईच्या दारी मात्र आता जाता येत नाही. ती केव्हाच गेली.